मालिश हा शब्द

बाबांच्या मनात माझ्यासाठी एक खुर्ची होती. ती कोणत्या ऑफिसात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती कुठेतरी आहे याबद्दल शंका नव्हती. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. संध्याकाळी कारखान्यातून आले की अंगणात पाय धुता धुता म्हणायचे, "आता कुठं दूर जाचं काम नाही कुंदे. मंत्रालयच आपल्या दारात येऊन राहिलं." बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड आणि झाडाखाली आईची चूल. घरात गॅस होता, पण त्यावर शिजवलेल्या भाताला गॅसचा वास येतो असं आईचं मत होतं आणि ते मत आम्ही कोणीच तपासून पाहिलं नाही. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, मुनग्याच्या शेंगा, जवसाची चटणी. शेजारच्या छत्तीसगढी काकू सणाला तांदळाच्या पिठाचे फरे पाठवायच्या, आई त्यांना पातोड्या पाठवायची. सकाळी भोंगा व्हायचा, मग दिवसभर लोखंडावर लोखंड पडल्याचे आवाज, आणि मध्येच वॅगनी एकमेकींना जोडल्या जाताना साखळीसारखा लांबत जाणारा खडखडाट. पाहुणे रात्रभर जागे राहायचे. आम्हाला त्या आवाजातच झोप यायची.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. आजोबा गाव सोडून इथे आले, यार्डात हमाली करत करत रेल्वेत कायम झाले. बाबा शिकले, फिटर झाले. म्हणजे हिशोबाने माझी पाळी खुर्चीची होती. मी बी.कॉम. केलं, टायपिंग केलं, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. परीक्षा दिल्या. काहींचे निकाल लागले नाहीत, काहींच्या जागाच रद्द झाल्या, एकीत मी नापास झाले. शंकर नगरात ज्या कॉम्प्लेक्समध्ये टायपिंगचा क्लास होता तिथेच पहिल्या मजल्यावर एक आयुर्वेदिक उपचार केंद्र उघडलं. दारावर पाटी होती: फक्त महिलांसाठी, आणि खाली लहान अक्षरांत, शिकाऊ मुली पाहिजेत. मी क्लासला जाताना ती रोज वाचायची. एके दिवशी आत गेले. आत गरम तेलाचा, थोडा कडवट वास होता, आणि एक उंच, सावळी बाई टेबलावर स्वच्छ चादर घालत होती. त्या शैलजा मॅडम, केरळच्या वैद्य. त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं नाही. "हाथ दिखाओ," म्हणाल्या. हात उलटसुलट करून पाहिले, तळहात गालाला लावून पाहिला. "गरम है. अच्छा है. कल से आओ."

घरी सांगितलं ते जेवताना. आई भात वाढत होती. मी म्हटलं, मालिश शिकणार आहे, शिकताना थोडे देतात, शिकून झालं की पगार. बाबांनी घास खाली ठेवला.

"लोकायच्या आंगाले तेल लावाचं?"

"फक्त बायकांच्या, बाबा. उपचार असतो तो. केरळच्या डॉक्टरीण बाई शिकवतात."

"तुही आजी हेच करे," बाबा म्हणाले. आजीबद्दल ते फारसं बोलत नसत. ती मी जन्मायच्या आधीच गेली होती. "पाटलाच्या घरी सून बाळंतीण झाली का तिले बलावत. ती मागच्या दारानं जाये. आंग रगडून दे, पोट बांधून दे, लेकराले न्हाऊ घाले. अन् ती उठली का तिची बसाची जागा शेणानं सारवून घेत. माह्या बापानं गाव काहून सोडलं? आपल्या घरच्या बाईचे हात पुन्हा कोणाच्या आंगाले लागू नये म्हणून सोडलं."

मी विचारलं, "आजीले पैसे भेटे काय?"

"पैसे? सूपभर धान. दिवाळीले जुनं लुगडं."

"मले पगार भेटन, बाबा."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. बाबा उठून हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. त्यांनी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून कोणी विचारलं, कुंदा कुठं जाते, तर ते सांगायचे, "दवाखान्यात लागली." मालिश हा शब्द आमच्या घरात त्यानंतर उच्चारला गेला नाही. आईही माझे तेलकट कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, पण कशाचं तेल, कोणाच्या अंगाचं, हे तिने कधी विचारलं नाही.

शिकणं सोपं नव्हतं. मला वाटलं होतं जोर लागतो. मॅडम म्हणायच्या, जोर लावणारी मुलगी वर्षभरात घरी बसते. वजन कमरेतून यायला हवं, हात नुसता वाट दाखवतो. एक हात उचलला तर दुसरा अंगावर पाहिजे. डोळे मिटून पडलेल्या बाईला आपण तिला सोडून गेलो असं वाटता कामा नये. तेल आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहायचं. आणि तिने आपणहून बोलल्याशिवाय बोलायचं नाही. काही उपचार दोघींनी मिळून करायचे असतात, टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून, दोघींचे हात एकाच वेळी, एकाच दाबाने खांद्यापासून मनगटापर्यंत जायला हवेत. माझ्यासमोरच्या बाजूला सरिता असायची. सरिता अभनपुरची. रोज सकाळी बसने यायची, डब्यात बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, वर एक कांदा. वडील नव्हते, मोठा भाऊ बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. ती माझ्याहून बारीक, पण तिचा हात असा संथ होता की मलाच माझा हात तिच्यामागे न्यावा लागायचा. काही महिन्यांनी ते मागेपुढे उरलंच नाही. मॅडम पडद्याआडून ऐकायच्या, हो, ऐकायच्याच, तळहात त्वचेवरून सरकल्याचा आवाज, आणि दोन आवाजांचा एक झाला की म्हणायच्या, "अब ठीक."

आता नव्या रायपुरात माझ्या शिकवणीच्या खोलीत मुली येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दीदी, इसमें स्कोप है क्या?" मी त्यांना खोटं सांगत नाही. काम आहे. हॉटेलांत आहे, उपचार केंद्रांत आहे, खेळाडूंकडे आहे, आणि बाळंतिणींच्या घरी तर संपता संपत नाही. सुरुवातीचा पगार कपड्याच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीपेक्षा फार वेगळा नसतो. पण दुकानातल्या मुलीला गिऱ्हाईक नावाने मागत नाही, तुम्हाला मागतं. आणि एकदा नावाने मागणाऱ्या बायका जमल्या की तुमची कमाई मालकाच्या नव्हे, तुमच्या हातात येते. मात्र शरीर हेच भांडवल आहे, ते झिजतं, म्हणून चाळिशीच्या आत शिकवायला शिका. इतकं झालं की त्या माना डोलवतात. मग एखादी, बहुधा दारापर्यंत गेल्यावर, मागे वळून खरा प्रश्न विचारते. "घर में क्या बोलूँ, दीदी?"  मी तिला परत बसवते.

मी मॅडमकडे असतानाच आमच्या वरच्या मजल्यावर, टायपिंगचा क्लास उठून गेल्यावर, एक नवं पार्लर आलं. काळ्या काचा, जिन्यात मोटारसायकलींवरून आलेली पोरं. मॅडमनी मालकाकडे दोनदा तक्रार केली. तिथे काय चालायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. माहीत असल्यासारखं बोलणारे पुढे पुष्कळ भेटले. एका दुपारी जिन्यात बुटांचे आवाज आले. मी आणि सरिता एका शाळेतल्या बाईंच्या पाठीवर काम करत होतो. पोलिसांनी वरचा मजला रिकामा केला आणि उतरताना आमचंही दार ठोठावलं. मॅडमनी कागद दाखवले, पाटी दाखवली. साहेब म्हणाले, थाने में दिखाना. बाईंना कपडे घालायला वेळ दिला, त्यांना सोडलं. आम्हाला, वरच्या मुलींना, सगळ्यांना एकत्र खाली आणलं. खाली केबलवाल्यांचा कॅमेरा उभा होता. सगळ्या मुलींनी ओढण्या तोंडावर ओढल्या. सरिताने ओढली. माझाही हात ओढणीकडे गेला, तेवढ्यात मागून मॅडम म्हणाल्या, "मुँह क्यों ढकती हो? क्या किया है तुमने?" त्या ओरडल्या नाहीत. रोज हात सुधारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. मी हात खाली घेतला. कॅमेऱ्याने मग माझ्याकडेच पाहिलं, साहजिक होतं, दिसण्याजोगा चेहरा एकच होता.

ठाण्यात लांब बाकावर आम्ही ओळीने बसलो. माझ्या एका बाजूला सरिता, ओढणीच्या आत रडत होती. दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरची एक मुलगी, नखं खात होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "तुम्हारे यहाँ महीने का पक्का मिलता है?" मी म्हटलं, हो. ती मग म्हणाली, "जगह है क्या?" मला तेव्हा तिचा रागच आला. आपण कुठे बसलोय आणि ही काय विचारते! आता वाटतं, त्या खोलीत सगळ्यात शहाणा प्रश्न तिचाच होता. मी तिचं नाव विचारलं नाही.

बाबांना कारखान्याच्या ऑफिसात फोन गेला होता. ते तसेच आले, निळ्या कपड्यांत, हाताला ग्रीस. दारात उभं राहून त्यांनी बाकावरची एकेक मुलगी पाहिली, माझ्यापाशी थांबले, आणि मग साहेबांच्या टेबलासमोर गेले. साहेब लिहीत होते.

"नाम?"

बाबांनी सांगितलं.

"आपकी लड़की? क्या काम करती है?"

मी वाट पाहत होते. दवाखाना. तो शब्द त्यांच्या तोंडात इतके दिवस बसला होता, आणि इथे तर तो सगळ्यांत जास्त उपयोगाचा होता. मीच मनात म्हणत होते, म्हणा बाबा, दवाखाना म्हणा. हवालदार त्यांच्याकडे बघून हसत होता.

"मालिश करती है साहब," बाबा म्हणाले. ठाण्यातला पंखा घरघरत होता म्हणून त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. "मालिश करती है. औरतों की. सीख के करती है, पगार लेती है."

साहेबांनी मान वर केली नाही. "यहाँ साइन करो," म्हणाले.

सूर्य मावळायच्या आत आम्ही घरी होतो. केबल आमच्या आधी पोचली होती. आई अंगणात चुलीपाशी बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती. "तोंड तरी झाकाचं होतं वो माय," ती म्हणाली, आणि एवढंच म्हणून रडायला लागली.

"तिनं काहून झाकाचं?" बाबा म्हणाले. मग त्यांनीच चूल पेटवली. त्यांना पेटवता येत नव्हती, खूप धूर झाला, आणि आईने शेवटी त्यांच्या हातून फुंकणी घेतली.

जे व्हायचं ते झालं. भिलाईचं एक स्थळ जवळजवळ पक्कं होतं, मुलगा स्टील प्लांटमध्ये. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही असा निरोप आला. पौर्णिमेला विहारात गेलो तर बायकांनी मला बसायला जागा दिली, लागत होती त्याहून बरीच जास्त. आई त्या मोकळ्या जागेत माझ्या शेजारी येऊन बसली. वंदना संपेपर्यंत तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. केंद्राविरुद्ध काही निघालं नाही, पण कॉम्प्लेक्सच्या मालकाने किल्ल्या मागितल्या. मॅडमनी दुसऱ्या पाऱ्यात, म्हणजे दुसऱ्या वस्तीत, रस्त्यालगतचं एक घर घेतलं, पाटी आधीपेक्षा मोठी केली. जुन्या मुलींपैकी मी एकटीच पोचले. सरिताला तिच्या भावाने घरी ठेवून घेतलं होतं. समोरच्या बाजूला कोणी नसलं की टेबलाभोवती मला माझाच हात कळेना. मी घरी म्हटलं, अभनपुरला जाऊन तिला विचारून येते.

"एकटी नको जाऊ," बाबा म्हणाले. "रविवारी मले सुट्टी आहे."

सरिताचं घर मंडईच्या मागे होतं. अंगणात धान वाळत घातलेलं, एका कडेने जायला वाट ठेवलेली. तिच्या आईने लोट्यात पाणी आणून दिलं. भाऊ पंचविशीचा असेल, शांत, दमलेला. "बइठव कका," म्हणाला, खाट पुढे केली. सरिता दाराआड होती. तिच्या सुपाचा आवाज येत होता. मी काय बोलायचं ते बसमध्ये घोकत आले होते, नवं घर, मोठी पाटी, पगारात वाढ. मी ते सगळं सांगितलं. भावाने ऐकलं, आणि म्हणाला की गावात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, ओढणीतूनसुद्धा ओळखलं. उद्या हिच्या लग्नाचं बघायचं आहे.

मग बाबा बोलायला लागले. मला वाटलं चार समजुतीच्या गोष्टी सांगतील. त्यांनी त्या परक्या माणसाला आपल्या आईचं सगळं सांगितलं. मागच्या दाराचं, सारवून घेतलेल्या जागेचं, आणि मला ठाऊक नसलेलंही: की ती घरी आल्यावर तिच्या हातांना जवसाच्या तेलाचा वास यायचा आणि त्या वासाने बाबांना भूक लागायची, कारण त्या दिवशी घरात धान आलेलं असायचं. की एकदा पाटलाच्या सुनेने चोरून तिचे हात धरले होते, म्हणाली होती, बाई, तू आलीस म्हणून मी वाचले, आणि सासू येताना दिसताच सोडून दिले. बाबा हिंदीत सांगत होते, अडखळत, कारण या गोष्टी त्यांच्या मनात हिंदीत कधीच नव्हत्या. "मेरी माँ ने बिना पैसे के किया," ते म्हणाले, "तब किसी को शरम नहीं आई. ये लड़कियाँ पैसा लेके कर रही हैं, तो सबको आ रही है. मुझे भी आ रही थी. इसलिए आया हूँ."

सुपाचा आवाज थांबला होता. भावाने वाटेवर आलेलं धान हाताने आत सारलं. "बात सही हे कका," म्हणाला, "फेर नइ भेजंव." बोलणं खरं आहे, पण पाठवणार नाही. त्याने आम्हाला चहा दिला, आम्ही वाटेला लागताना बाबांच्या पाया पडला. सरिता कुंपणापर्यंत आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मोर गाहक मन ला देखबे दीदी." माझ्या गिऱ्हाइकांकडे लक्ष दे. 

सरिता पुन्हा रायपूरला आली नाही. पण दोन-तीन वर्षांनी तिच्या वहिनीचं बाळंतपण झालं, आणि तिने घरातच शेक-मालिश केली; मग शेजारणीची, मग मंडईतल्या व्यापाऱ्याच्या सुनेची. आज अभनपुर आणि आसपासच्या गावांत बाळंतिणींसाठी तिला आधीपासून सांगून ठेवावं लागतं. तिला मोटारसायकलवरून नेतो-आणतो तो तोच भाऊ, आणि भाव ठरवताना तो तिच्यापेक्षा चढ्या आवाजात बोलतो, असं ती मला फोनवर हसून सांगते. मी मॅडमकडे राहिले, पुढे हॉटेलांत गेले, मग शिकवायला लागले. समोरच्या बाजूला कितीतरी मुली उभ्या राहिल्या. चांगल्या होत्या.

पण मला लिहायचं आहे ते त्या रविवारच्या परतीच्या बसबद्दल. हरून निघालो होतो. बस भरलेली, खिडकीतून कापलेल्या धानाचा वास आणि धूळ. बाबा खिडकीशी बसले होते, मी बाजूला. एकटीने दोघींचं काम करून त्या आठवड्यात माझा उजवा अंगठा बुडाशी सुजला होता, आणि मी नकळत तो चोळत होते. बाबांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग काही न विचारता त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून अंगठ्याच्या बुडापर्यंत दाबत आणायला सुरुवात केली. नुसतं दाबणं नव्हतं ते. हाड चुकवून, बोट जरासं बाहेर वळवून, शेवटी थांबून. मॅडमनी मला ते शिकवलं नव्हतं.

"तुमाले कोणं शिकवलं, बाबा?"

"मायनं," ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत होते. "तिचा असाच सुजे. पाटलाच्या घरून आली का माह्यासमोर हात धरे, म्हणे, दाब रे बापू. मी लहान होतो. रोज दाबून देत होतो."

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला, हात पुढे केला. आजूबाजूचे दोघे-तिघे आमच्याकडे बघत होते, एवढी मोठी पोरगी आणि तिचा हात धरून बसलेला बाप. मी हात सोडवून घ्यायला लागले. बाबांनी सोडला नाही.

"ठहरो भैया," ते कंडक्टरला म्हणाले, "अभी हाथ खाली नहीं है."